धाकट्या भावाची तब्येत

मला भाऊ नाही. आईवडिलांनी माझ्यावरच थांबायचं ठरवलं होतं आणि मला पाहिल्यावर त्यांचा निर्णय कोणालाही पटावा. तरीही मानसोपचाराच्या दवाखान्यात मला एक धाकटा भाऊ होता. तो तिथेच, बाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, माझ्या पहिल्याच खेपेला जन्माला आला.

मी फाइल मांडीवर पालथी घालून बसलो होतो. आपण इथे चुकून आलोय, खरं तर खालच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं, असा चेहरा केला होता. खरोखरच मी लिफ्टमधून दातांच्या डॉक्टरांच्या मजल्यावर उतरायचो आणि उरलेला जिना चढायचो. लिफ्टमध्ये कोणी ओळखीचं भेटलंच तर गाल धरायची तयारी होती. शेजारी एक काकू बसल्या होत्या. मांडीवर भलीमोठी कापडी पिशवी आणि पिशवीवर दोन्ही हात. त्यांनी अगदी सहज विचारलं, "कोणाला घेऊन आलात?"

"भावाला," मी म्हणालो. "धाकट्या."

"कुठे आहे?"

"खाली गाडीत बसलाय. वर यायला लाजतो."

काकूंनी समजल्यासारखी मान हलवली. "आमचा मुलगाही तसाच. सुरुवातीला एकदा आला, त्यानंतर यायचं नाव नाही. मीच येते, डॉक्टरांना सगळं सांगते आणि गोळ्या घेऊन जाते."

माझ्याकडे गाडी नाही हेही इथेच सांगून टाकतो.

पुढे दर खेपेला काकू भेटायच्या आणि भावाची चौकशी करायच्या. मीही भरभरून सांगायचो. भाऊ माझ्यापेक्षा हुशार निघाला. स्वभावाने हळवा, चित्रं छान काढायचा, कोणाच्या अध्यातमध्यात नाही. त्याला एक आवाज ऐकू येतो, मी सांगितलं, पण त्याने कधी कोणाला त्रास दिला नाही हो, उलट तोच बिचारा सोसतो. काकू हळहळायच्या. मलाही भरून यायचं. एकदा तर मी डोळे पुसले आणि पुसता पुसता लक्षात आलं, की स्वतःसाठी मी कधी एवढं पाणी काढलं नव्हतं. भावाला मी एकदाही वेडा म्हटलं नाही. स्वतःला आरशासमोर रोज म्हणायचो, दाढी करता करता.

आता माझ्या धंद्याविषयी. मी कानाच्या मशीनच्या दुकानात काम करतो. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना ऐकू यावं म्हणून दिवसभर खपतो, आणि मला स्वतःला गरजेपेक्षा एक माणूस जास्त ऐकू येतो. कोणाला देवाचा आवाज ऐकू येतो, कोणाला शत्रूचा. माझ्या वाट्याला आला तो निवेदक. मी काय करतोय ते तो मलाच सांगतो आणि वर नाक मुरडतो. 'आता हा चहा ओतणार. सांडणार. बघा, सांडला. ह्याला बायको कशी मिळाली?' बरं, हा प्रश्न मलाही पडलेला असल्यामुळे वादही घालता येत नाही.

आमच्या दुकानात येणारी माणसं मशीनला भारी लाजतात. मला चांगलं ऐकू येतं, हल्ली लोकच पुटपुटतात, असं निम्म्यांचं म्हणणं असतं. उरलेल्यांना मशीन हवं असतं, पण दिसायला नको असतं. कानामागे लपेल का, केसांत जाईल का, टक्कल असलं तर काय करायचं? मग मी खुर्ची पुढे ओढतो, आवाजात मध आणतो आणि ठेवणीतलं वाक्य काढतो: "चष्मा लावताना लाज वाटते का आपल्याला? मग ह्याची कशाला?" दहांतले आठ ह्या वाक्याला विरघळतात. डॉक्टरांनी मला गोळ्या लिहून दिल्या तेव्हा त्यांनी हेच वाक्य मला ऐकवलं, तेही खुर्ची पुढे ओढून. मला इतका राग आला की काय सांगू! माझाच माल मलाच विकत होते.

तरी गोळ्या घेतल्या. गुण आला. निवेदक आधी घोगरा झाला, मग शेजारच्या घरातल्या टीव्हीसारखा लांबून यायला लागला, आणि एके दिवशी मी चहा ओतला तर कोणीच काही बोललं नाही. मी कप हातात धरून तसाच उभा राहिलो. बायकोने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." आणि खरंच काही नव्हतं. त्या दिवशी मला फार आनंद झाला होता.

शहाण्या माणसाने ह्यावर काय केलं असतं? गोळ्या चालू ठेवल्या असत्या. मी काय केलं ते ऐका.

त्या महिन्यात दवाखान्यात काकूंनी विचारलं, "कसा आहे भाऊ?"

"ठणठणीत," मी म्हणालो. काकूंचा चेहरा एवढा खुलला की मला थांबवेना. भावाचं कौतुक ऐकून घ्यायची मला चटकच लागली होती. "अहो, कामाला जातो. घरचं सगळं बघतो. डॉक्टरांनी गोळ्यासुद्धा बंद केल्या."

"बंद? अगदी कायमच्या?"

"कायमच्या."

काकूंनी पिशवीवरचे हात जोडले. मी उदारपणे हसलो, आमच्या दुकानाचा पत्ता दिला आणि त्यांच्या यजमानांच्या, म्हणजे काकांच्या कानातलं मशीन शिट्टी मारत असेल तर घेऊन या, मी फुकट बघून देतो, असंही सांगितलं. घरी येताना मी हवेत होतो. आणि मग डोक्यात एक विचार आला, जो आमच्यासारख्यांच्याच डोक्यात येऊ शकतो. जो खरोखर आजारी, तो भाऊ बरा झाला. त्याच्या गोळ्यासुद्धा बंद झाल्या. मग मी, ज्याला मुळात काही झालेलंच नाही, तो अजून कशाला गिळत बसलोय?

हसू नका. त्या वेळी हे मला अगदी बिनतोड वाटलं होतं. आणि त्याच्या खाली एक साधी गोष्ट होती, ती सांगायची मला आजही लाज वाटते. मला निवेदकाचा त्रास व्हायचा, पण त्या गोळीचा जास्त व्हायचा. निवेदक मला बावळट म्हणायचा. गोळी रोज सकाळी काही न बोलता मला वेडा म्हणायची. बावळट म्हणवून घेणं मला परवडत होतं.

तर गोळ्या बंद केल्या. बायको रोज पाण्याचा पेला पुढे करून विचारायची, "घेतली का?" मी पाणी घटाघटा प्यायचो, "घेतली" म्हणायचो आणि गोळी खिशातल्या बॅटरीच्या रिकाम्या डबीत सरकवायचो. कचऱ्यात टाकायची हिंमत नव्हती. दवाखान्यात जाणंही बंद केलं. बायकोला सांगायचो, जाऊन आलो. ती माझ्याकडे जरा जास्त वेळ बघायची आणि मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.

निवेदक एका मंगळवारी परत आला. रजेवरून आलेला माणूस जसा जोमाने काम करतो, तसा. 'बघा, आता हा टाय बांधणार. ह्याला वाटतं टाय बांधला की कळत नाही.' मी दाद दिली नाही. दुर्लक्ष करायचं, आपोआप जाईल, असं ठरवलं. ऐकू येत नाही म्हणून येणारी माणसंही वर्षानुवर्षं हेच ठरवतात. त्यांना मी हसतो.

ऐकण्याची तपासणी कशी होते ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढची फजिती कळेल. माणसाला आवाजबंद खोलीत बसवतात, कानांवर हेडफोन लावतात, हातात एक बटण देतात. मी काचेच्या बाहेर बसून बारीक बारीक आवाज सोडतो. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. काही सांगायचं असेल तर माझ्यापुढे माइक असतो, आणि त्यात बोललेलं थेट त्याच्या दोन्ही कानांत जातं.

त्या दिवशी आत एक निवृत्त हेडमास्तर बसले होते. बाहेर त्यांची बायको. हेडमास्तर डोळे मिटून, बटणावर अंगठा ठेवून, परीक्षेला बसल्यासारखे बसले होते. मी आवाज सोडत होतो आणि निवेदक माझ्या कानाशी किटकिट करत होता. 'चुकीचं बटण. आता दुसरं चुकीचं बटण. म्हाताऱ्याला बहिरा करून सोडणार हा.' मी सहन केलं, सहन केलं, आणि मग माइकमध्ये ओरडलो, "अहो, गप्प बसा जरा! तुमच्यामुळे काही सुचत नाही मला!"

हेडमास्तर आत एक अक्षरही बोलले नव्हते. ते ताडकन उठून उभे राहिले. तेवढ्यात आमच्या मॅडम, म्हणजे दुकानाच्या मालकीणबाई, मागे येऊन उभ्या. हेडमास्तर हेडफोन काढून बाहेर आले आणि बायकोला म्हणाले, "दोन वर्षांत पहिल्यांदा एवढं स्पष्ट ऐकू आलं. हेच मशीन घेऊ."

सगळे हसले. मीही हसलो. मॅडम हसल्या नाहीत. "बरं नाहीये का तुम्हाला?" त्यांनी विचारलं. "दात," मी गाल धरून म्हणालो. त्या म्हणाल्या, "दाताचं बघा लवकर. लहान मुलांची तपासणी तोवर मी करते." लहान मुलांची तपासणी हे माझं सगळ्यात आवडतं काम. मी मान डोलावली आणि दुपारभर बॅटऱ्यांचे खोके लावत बसलो.

दुसऱ्या दिवशी दुकानाचं दार उघडून काकू आत आल्या. तीच पिशवी. काकांचं मशीन आणलं असेल म्हणून मी हात पुढे केला, तर त्यांनी माझा हातच धरला.

"तुमच्या भावाला घेऊन माझ्या घरी याल का?" त्या म्हणाल्या. "मी मुलाला सांगितलं, की अमुक एकांचा भाऊ बरा झाला, त्याच्या गोळ्यासुद्धा सुटल्या. त्याला धीर यावा म्हणून सांगितलं हो. तर त्याने त्याच दिवसापासून गोळ्या बंद केल्या. म्हणतो, तो सोडू शकतो तर मीही सोडू शकतो. आता नीट जेवत नाही, झोपत नाही, खोलीचं दार लावून कोणाशी तरी भांडत असतो. माझं ऐकतच नाही. म्हणतो, तुला काय कळतं त्यातलं. तुमच्या भावाने एकदा सांगितलं ना, की डॉक्टरांनी सोडवल्या, आपल्या मनाने नाही सोडल्या, तर ऐकेल तो."

काउंटरच्या पलीकडून मॅडम बघत होत्या. "तुम्हाला भाऊ आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे एक," मी म्हणालो. "आणतो काकू. संध्याकाळी आणतो."

एखाद्याने इथे तरी खरं बोलावं. मी संध्याकाळपर्यंत भाऊ कुठून पैदा करायचा ह्याचा विचार करत होतो. आमच्या दुकानातला कानाचे साचे बनवणारा कारागीर वयाने बरोबर होता, पण त्याला मिशा होत्या आणि हळवेपणाचा मागमूस नव्हता. मेव्हण्याला विचारावं तर तो गावभर करेल. शेवटी ठरवलं, की एकट्याने जायचं आणि भाऊ अचानक परगावी गेला म्हणून सांगायचं. त्याचा निरोप म्हणून दोन शब्द बोलायचे आणि काढता पाय घ्यायचा. निवेदक वाटभर खूश होता. 'बघा, हा आता एका आजारी पोराला फसवायला निघालाय.' ह्या वेळी तरी तो काही चुकीचं बोलत नव्हता, आणि त्याने मला जास्तच चिडायला झालं.

काकूंचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. त्यांनी दार उघडलं. मी तोंड उघडायच्या आत त्या मागे वळून म्हणाल्या, "अरे, आले बघ. मी सांगत होते ना, हेच ते."

समोर पंचविशीचा एक मुलगा पलंगाच्या कडेवर बसला होता. दाढी वाढलेली, पायांत वेगवेगळे मोजे. त्याने माझ्याकडे नखशिखान्त पाहिलं.

"नाही, म्हणजे भाऊ," मी चाचरलो, "भाऊ जरा परगावी..."

"अहो, पुरे आता," काकू हळूच म्हणाल्या. "दर वेळी नर्स वजनाच्या काट्यावर कोणाला उभं करायची? तुमच्या भावाला? सगळ्यांसमोर करायची की. पहिल्या दिवसापासून माहीत आहे मला. तुम्हाला तसं बोलायला बरं वाटायचं, म्हणून मीही भावाचं विचारायचे."

मी मटकन खुर्चीवर बसलो. त्या काट्यावर मी दर वेळी कसा चढायचो ते मला आठवलं. 'आलोच आहे तर बघून घेऊ' असा भाव चेहऱ्यावर आणून, इकडेतिकडे बघत, शीळ घालत. म्हणजे अख्ख्या दवाखान्यात माझ्या थापेवर विश्वास ठेवणारा माणूस एकच होता, आणि तो काट्यावर उभा होता.

"बोला," काकू म्हणाल्या, "सांगा त्याला, डॉक्टरांनी कशा सोडवल्या ते."

मुलगा माझ्याकडे रोखून बघत होता. त्याला फसवणं सोपं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्यात तेवढं त्राणही उरलं नव्हतं.

"डॉक्टरांनी नाही सोडवल्या," मी म्हणालो. "मी माझ्या मनाने सोडल्या."

टेबलावर तीच पिशवी होती; तिच्यावरचा काकूंचा हात खाली घसरला. मुलगा पलंगावरून उठला. "ऐकलंस?" तो आईला म्हणाला. "ऐकलंस ना? ह्यांनीही स्वतःच सोडल्या. कामाला जातात, टाय लावतात. काही झालं का ह्यांना?"

म्हणजे मी धड खोटंही बोललो नव्हतो आणि खरं बोलून पोराची उरलीसुरली वाट लावली होती. काकू माझ्याकडे बघत होत्या. रागाने बघितलं असतं तर सोसलं असतं. त्या नुसत्या थकून बघत होत्या. मला आजवर स्वतःची पुष्कळ लाज वाटली आहे, पण ती सगळी एका बाजूला ठेवली तरी त्या क्षणाइतकी भरणार नाही.

"झालं," मी म्हणालो. "खूप झालं. खाली बस, सांगतो."

आणि मी सांगितलं. निवेदक, चहा, टाय, हेडमास्तर, माइक. लहान मुलांची तपासणी माझ्याकडून काढून घेतली तेही. मी दुकानात लोकांना काय सांगतो ते आणि घरी बायकोला काय सांगतो ते. डॉक्टर सोडून हे मी कोणाला बोललो नव्हतो, आणि डॉक्टरांनाही अर्धंच बोललो होतो. मी सांगत असताना निवेदक कानात कोकलत होता. खिशातली डबी काढून मी टेबलावर उपडी केली. गोळ्या घरंगळल्या, एक खाली पडली. ती काकूंनी उचलून परत टेबलावर ठेवली.

मुलाने एक गोळी बोटाने टेबलावर फिरवली. मग त्याने विचारलं, "आत्ता आहे तो?"

"आहे."

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, ह्याला काही सांगू नकोस, हा तुला हसेल."

मुलगा हसला नाही. पलंगावर परत बसला. "माझाही हेच म्हणतो," तो म्हणाला.

काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथेच थांबल्या. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, पण भांड्यांचा आला नाही.

"गोळीने खरंच बंद होतो का?" मुलाने विचारलं.

"माझा झाला होता. अगदी बंद."

"मग सोडल्या कशाला?"

"गोळी घेणारे ते वेडे, आणि मी त्यांतला नाही, असं वाटायचं."

"आता?"

"आता त्यांतलाच आहे. आणि बंद होता तेव्हा बरं होतं, एवढं मला माहीत आहे."

त्याने जमिनीकडे बघत पायाच्या अंगठ्याने दुसऱ्या पायाचा मोजा खाली ढकलला. "मग परत जाणार का डॉक्टरांकडे?"

"जायला हवं," मी म्हणालो. आणि मग जे बोललो ते मी ठरवलेलं नव्हतं. "पण त्या दारातून एकट्याने आत जायची मला फार लाज वाटते रे. कधीच जमलं नाही. म्हणून तर भाऊ काढला."

तो उठला आणि आतल्या खोलीत गेला. दार लागलं. संपलं, मी मनात म्हटलं, हाही गेला. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आम्ही दोघं त्या बंद दाराकडे बघत राहिलो आणि एकमेकांकडे बघायचं टाळत राहिलो.

दार उघडलं. त्याने शर्ट बदलला होता. केसांना पाणी लावलं होतं, मोजे मात्र तेच होते. माझ्याकडे न बघता तो काकूंना म्हणाला, "आई, दवाखाना किती वाजेपर्यंत असतो?"

"आठपर्यंत," काकू म्हणाल्या.

"मी ह्यांना घेऊन जातो. एकटे जाणार नाहीत हे." मग त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि घाईघाईने म्हणाला, "मी फक्त सोबत येतोय हं. मला काही झालेलं नाही."

"माहीत आहे," मी म्हणालो. "चल."

काकूंनी पिशवीतून त्याची फाइल काढली आणि माझ्या हातात दिली.